नागीण, हर्पिस आणि कॅन्सर

प्रश्न : सासूबाईंना गेल्या महिन्यात कंबरेवर नागीण झाली. स्किनच्या डॉक्टरांनी केसपेपरवर हर्पिस लिहिलं, मुलाने मोबाईलवर शोधलं तर हर्पिस व्हायरसने कॅन्सर होतो असं आलं, झालं, तेव्हापासून सासूबाई धड जेवत नाहीयेत. त्यात शेजारच्या काकूंनी आधीच सांगून ठेवलेलं की नागिणीची दोन्ही टोकं जुळली की माणूस जातो. खरं काय? आणि हा कॅन्सरचा संबंध लावला तरी कोणी?
– एक वाचक, कराड

उत्तर : आधी काकूंचं बघू. नागीण म्हणजे लहानपणच्या कांजिण्यांचाच व्हायरस, कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मणक्याजवळच्या नसांच्या मुळाशी झोपून राहतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती कमी झाली की एखाद्या नसेवाटे बाहेर येतो. ती नस शरीराच्या एकाच बाजूची असते त्यामुळे पट्टा सहसा मध्यावर येऊन थांबतो, टोकं जुळणार कशी? आमच्या आजीलाही गेरू फासून बसवलं होतं, ती पुढे बरीच वर्षं जगली आणि गेरूला श्रेय देत राहिली.

आता कॅन्सर. हर्पिस हे घराण्याचं नाव आहे. माणसाला होणारे या घराण्यातले आठ व्हायरस प्रामुख्याने माहीत आहेत, त्यातल्या दोघांचाच कॅन्सरशी संबंध पक्का झालाय आणि नागिणीवाला त्यात नाही. ओठावर फोड आणणाराही नाही. हे आधी सासूबाईंना सांगा, बाकीचं नंतर वाचा.

त्या दोघांपैकी पहिला सापडला त्याची गोष्ट मला फार आवडते. युगांडात कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलमध्ये डेनिस बर्किट नावाचे सर्जन होते, त्यांना लहान मुलांच्या जबड्यात विचित्र गाठी दिसायच्या आणि त्या जास्त करून उष्ण, पावसाच्या, मलेरियाच्या पट्ट्यातच. 1961 साली लंडनमध्ये त्यांचं लेक्चर झालं, ते ऐकायला अँथनी एप्स्टाइन बसले होते, हे कोंबड्यांच्या कॅन्सर व्हायरसवर काम करणारे. त्यांच्या डोक्यात लगेच आलं की इथेही व्हायरसच असणार. मग कंपालाहून विमानाने गाठींचे तुकडे यायला लागले आणि दोनेक वर्षं काहीही हाती लागलं नाही. 1963 च्या डिसेंबरमध्ये लंडनला धुकं म्हणून विमान मँचेस्टरला उतरवलं, सॅम्पल उशिरा पोचलं, बाटलीतलं पाणी गढूळ. कुणालाही वाटेल की बॅक्टेरिया पडले, फेकून द्या. एप्स्टाइननी थेंब मायक्रोस्कोपखाली धरला तर गाठीतल्या जिवंत पेशी सुट्या होऊन तरंगत होत्या! त्या पेशी लॅबमध्ये वाढवल्या आणि फेब्रुवारी 1964 मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हर्पिस घराण्यातला व्हायरस दिसला. नंतर ते सांगायचे की तो इलेक्ट्रॉनच्या झोताने जळून जाईल या भीतीने मशीन बंद केलं आणि बर्फात बिनकोटाचे चक्कर मारून आले. सोबत इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग होते, व्हायरसच्या नावात मात्र एप्स्टाइन-बारच आले, अचाँग राहूनच गेले.

गंमत म्हणजे हा व्हायरस जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांत असतो, बहुतेक तुमच्यात-माझ्यातही, आणि कॅन्सर होतो तो अगदी थोड्यांना. आफ्रिकेतल्या त्या मुलांत त्याला वारंवार होणाऱ्या मलेरियाची जोड मिळते. दुसरा व्हायरस कापोसी सार्कोमा नावाच्या कॅन्सरचा, तो 1994 मध्ये युआन चँग आणि पॅट्रिक मूर या नवरा-बायकोने शोधला, त्यातही प्रतिकारशक्ती खालावलेल्यांनाच जास्त धोका.

मुलाला जे वाचायला मिळालं ते कदाचित गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं जुनं प्रकरण असेल. एकेकाळी त्याचा आळ हर्पिसवरच होता, हाराल्ड झुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञांनी ते मानलं नाही आणि 1983 मध्ये एचपीव्ही 16 (ह्युमन पॅपिलोमा व्हायरसचा एक प्रकार, हर्पिस घराण्याबाहेरचा) दाखवून दिला, 2008 चं नोबेल त्याचंच. त्या एचपीव्हीची लस आता पुण्यातच बनते, घरात मुली असतील तर डॉक्टरांना जरूर विचारा.

सासूबाईंना महिना झालाय, तेव्हा व्हायरसच्या गोळ्यांचा मुख्य काळ (पुरळ आल्यापासून साधारण 72 तास) गेला. पण जागा अजून जळजळत असेल तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका, नसांच्या दुखण्याची वेगळी औषधं असतात. कदाचित जेवण त्यामुळेही जात नसेल, एकदा विचारून बघा.