आधी इंजेक्शन, मग जाब

'ताई, मला चौथा महिना आहे. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, तर सिस्टरनं बाजूला घेऊन सांगितलं, व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह आलंय, मालकांना घेऊन या. नवरा गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) कामाला परमुलखात, थेट यात्रेलाच येणार. मोबाइलवर बघितलं तर 'गरमी' असं लिहिलेलं. मी नवऱ्याशिवाय कुणाला ओळखत नाही. रिपोर्ट तांदळाच्या डब्यात लपवलाय. जाऊबाई आणि मी एकच टॉवेल वापरतो. गुपचूप गोळ्या घेऊन भागेल का? बाळाचं काय होईल?'
– एक बहीण, खानापूर तालुका, जि. सांगली

बाळा, तो रिपोर्ट आधी डब्यातून बाहेर काढ आणि याच आठवड्यात डॉक्टरांसमोर ठेव.

गरमी म्हणजे सिफिलिस. व्हीडीआरएल ही त्याचीच रक्ततपासणी, आणि रिॲक्टिव्ह म्हणजे तिच्यात त्याची खूण दिसली. तो पूर्ण बरा होतो आणि वेळेत औषध घेतलं तर पोटातलं बाळही वाचतं. अंगावर काढलं तर मात्र बाळ पोटात दगावू शकतं, नाहीतर आजार घेऊनच जन्मतं. म्हणून ही तपासणी प्रत्येक गरोदर बाईची करतात. तुझ्यावर कुणी संशय घेतलेला नाही.

औषध म्हणजे पेनिसिलिनचं इंजेक्शन, कमरेत. दुखतं, खरं सांगते. एक-दोन दिवस त्या कुशीवर झोपवत नाही. आजार अलीकडचा असेल तर एकदाच. जुना असेल, किंवा किती जुना ते कळत नसेल, तर आठवड्याच्या अंतरानं ३. तारीख चुकवू नको. पहिल्या दिवशी ताप आला, अंग दुखलं तर घाबरू नको, पण पोटात कळा आल्या तर तडक दवाखाना गाठ. मेडिकलमधल्या गोळ्यांवर भागवू नको. गरोदरपणात बाळापर्यंत पोचणारं खात्रीचं औषध पेनिसिलिनच. पूर्वी त्याची रिॲक्शन आली असेल तर तेवढं आधी सांग. बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी उपचार व्हावे लागतात. तुझ्या हातात वेळ आहे, पण तो घालवू नको.

व्हीडीआरएल कधी कधी उगाचही रिॲक्टिव्ह येते, गरोदरपणातही तसं होऊ शकतं. म्हणून टीपीएचएसारखी दुसरी तपासणी करून घे. मात्र त्या रिपोर्टसाठी डॉक्टरांनी सांगितलेलं इंजेक्शन लांबवायचं नाही.

आता नवऱ्याचं. हा आजार शरीरसंबंधातून लागतो. टॉवेलनं, संडासातून किंवा एका ताटात जेवल्यानं नाही, तेव्हा जाऊबाईंची काळजी सोड. दुसरी तपासणीही तशीच आली तर तो बहुधा त्याच्याकडूनच आला, हे मी तुझ्यापासून झाकणार नाही. पण त्याला तो कधी लागला, हे कागद सांगत नाही. पहिली जखम दुखत नाही, आपोआप भरते, माणूस विसरतो, आणि रोग रक्तात वर्षानुवर्षं गप्प राहतो. आपल्याकडची पोरं मिसरूड फुटायच्या आत गलाईला जातात, मुलूख परका, आणि असल्या गोष्टी त्यांना कुणी सांगितलेल्याच नसतात. त्याची बाजू घेत नाही मी. जाब विचारायचा हक्क तुझाच आहे. फक्त आधी इंजेक्शन होऊ दे.

त्याचे उपचार झाले नाहीत तर तुला पुन्हा लागण होईल, म्हणून गुपचूप भागणार नाही. यात्रेची वाट बघू नको. तो आहे तिथल्या सरकारी दवाखान्यातही तपासणी होते. दोघांनी एचआयव्हीचीही करून घ्या. डॉक्टर हो म्हणेपर्यंत संबंध नको.

विट्यात कुणी ओळखीचं भेटेल असं वाटत असेल तर सांगलीच्या सिव्हिलला जा आणि 'सुरक्षा क्लिनिक', म्हणजे असल्या आजारांचा सरकारी विभाग, विचार. नुसतं बोलायचं असेल तर १०९७ हा सरकारी एड्स हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे. सासूबाईंना यातलं काही कळवू नका, असं सिस्टरला स्पष्ट सांग. आणि बाळ जन्मलं की त्याचीही तपासणी लागेल, तेव्हा हे सगळे कागद बाळंतपणाच्या फाइलीत लावून ठेव.

आज रात्री फोनवर त्याला एवढंच म्हण: 'माझ्या रक्तात दोष निघालाय, बाळासाठी तुमचीही तपासणी लागतेय, उद्याच करून रिपोर्ट पाठवा.' बाकीचं तो घरी आल्यावर समोरासमोर बोल, आणि त्या दिवशी तुझ्या आईला बोलावून घे.