आज्जीचा वेगळा कप

लाडक्या सोनूस,

परवा आत्याचा व्हिडिओ कॉल झाल्यावर तू विचारलंस, "आज्जी रोज एवढी प्रार्थना करायची, मग भांडी घासणाऱ्या मावशींचा कप वेगळा का होता?" गाडी चालवता चालवता त्याचं उत्तर देता येईना, म्हणून लिहितोय.

कप मला चांगला आठवतो. निळ्या फुलांचा, कान तुटलेला, मोरीच्या खिडकीत पालथा घातलेला. बाकीचे कप फडताळात. मावशी चहा पिऊन तो स्वतःच विसळून जागेवर ठेवायच्या. आम्ही पोरं त्याला हात लावत नसू, आणि तसं कुणी बजावलंही नव्हतं.

आता याच आज्जीचं ऐक. रविवारी पंचहौदच्या चर्चमधली उपासना आटपली की पेजेचा डबा घेऊन ती ससूनला जायची. डबा धरायला मी. ज्यांना भेटायला कुणी येत नाही असे पेशंट सिस्टरना विचारून शोधायची. एका म्हाताऱ्याच्या हनुवटीवर पेज ओघळली, ती तिने पदरानेच टिपली. तोच पदर खोचून घरी आम्हाला वाढलं.

तिची आजी म्हणजे 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी केडगावला आपल्या आश्रमात आणलेल्या मुलींपैकी एक. तिथे तिला जात विचारून कुणी ताट वाढलं नाही, हे आज्जी किती अभिमानाने सांगायची! आणि खिडकीत तो कप.

एक मात्र लक्षात घे. याच पंचहौद मिशनमध्ये 1890 साली टिळक-रानड्यांसारख्या मंडळींपुढे ख्रिश्चनांच्या हातचा चहा ठेवला म्हणून पुण्यात केवढा गहजब झाला होता. त्यापायी रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. आमच्या लहानपणीसुद्धा वाड्यातल्या एका घरी आम्हाला पाणी वरूनच ओतायचे आणि आज्जी हसून ओंजळ पुढे करायची. घरी आल्यावर त्याबद्दल चकार शब्द नाही. मी तिची बाजू घेतोय का? थोडी घेतोय. आई आहे माझी. कुणाचं दुखलं-खुपलं की धावून जायची, पण शेजारी बसवून चहा द्यायचं काही तिला जमलं नाही.

आत्या म्हणते, मावशींना टायफॉइड झाला तेव्हा रात्रभर उशाशी आज्जीच होती. खरं आहे ते. बऱ्या होऊन कामावर आल्या, तेव्हा चहा त्याच कपात मिळाला, तेही खरं.

चर्चला चल असं मी म्हणत नाही. (तुझी आई म्हणते, आडून आडून तेच म्हणतो.) नाताळात पुण्याला जाऊ तेव्हा करंज्या द्यायला मावशींच्या मुलीकडेही जायचंय. हा प्रश्न तिला विचारून बघ. मराठीतच विचारावा लागेल, तेवढी तयारी ठेव.

तुझा,
बाबा