काखेतल्या गोळ्यांवरून स्वेटर टाकू नका

ताई, महागाच्या स्वेटरचं असं झालं की जीव हळहळतोच. पण तुमच्या नव्या स्वेटरच्या काखेत आठवडाभरात लोकरीचे बारीक गोळे आले म्हणून त्याची कश्मीरी लोकर (कॅशमिअर, म्हणजे शेळीची मऊ लोकर) नकलीच, असं धरू नका. हा तंतू १९ मायक्रॉनहून बारीक (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). घासला की सुटे तंतू वर येऊन त्यांचे गोळे होतात. दोन-तीन धुण्यांत गोळे कमी झाले नाहीत, तर लोकर आखूड तंतूंची आहे.

आधी खिडकीशी उजेडात धरा. विणीतून पलीकडचं दिसतंय? परत करा. मी हे बघितलं नव्हतं, दुसऱ्याच हिवाळ्यात कोपर उसवलं.

सोबत जास्तीचा धागा दिलाय ना, तो जाळून बघा: अ‍ॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो, लोकरीला केस जळल्याचा वास येतो.

आपल्या नागपुरात थंडी दोन महिन्यांची. पेटीत ठेवण्याआधी नक्की धुवा, घामट लोकरीला कसर लागते.