सायकलचा गिअर खरखरतोय? आधी स्क्रूला हात लावू नको

दौलताबादहून खुलताबादचा घाट चढताना गिअर अडकतो म्हणालास, म्हणजे चेन मागच्या चाकाच्या मोठ्या दातेरी चकतीवर जायला कुरकुरते. भावा, स्क्रू ड्रायव्हर आधी खाली ठेव. मागच्या डिरेलरवरचे (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) एच आणि एल स्क्रू फक्त चेन दोन्ही टोकांना कुठवर जाईल ते ठरवतात. मधल्या गिअरशी त्यांचा काही संबंध नाही, उगाच फिरवलेस तर चेन स्पोकमध्ये जायची.

सायकल मागून बघ. डिरेलरच्या दोन्ही छोट्या चकत्या कॅसेटच्या (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच) दात्यांखाली सरळ रेषेत दिसायला हव्यात. तिरक्या दिसल्या तर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकलाय. सायकल उजव्या बाजूला पडली, की हे हमखास होतं. मग गिअरची केबल कितीही ताण, उपयोग शून्य. हँगर सरळ करून घे, नाहीतर बदल.

हँगर ठीक असेल तर केबल बघ. नवी केबल पहिल्या काही राइडमध्ये सैल पडतेच. केबल डिरेलरमध्ये शिरते तिथला बॅरल अ‍ॅडजस्टर (केबलचा ताण कमी-जास्त करायची गोल खुंटी) मागून बघत घड्याळाच्या उलट पाव फेरा फिरव, पेडल मारत गिअर टाकून बघ, लागलं तर आणखी पाव. चेन उलट छोट्या चकतीवर यायला आळस करत असेल तर दुसऱ्या दिशेने. तरीही जड वाटलं तर केबलच्या आवरणात आपल्या काळ्या मातीची धूळ बसलीय. आवरण आणि केबल दोन्ही बदल, तेल ओतत बसू नको.

चेन किती घासलीय तेही चेन मोजायच्या गेजने मोजून घे. ११ स्पीडला (मागे ११ चकत्या) चेन ०.५ टक्के ताणली की नवी टाकायची, नाहीतर कॅसेटचाही खर्च येतो.