झाडात पांढऱ्या पेशी नसतात, मग रोगाशी लढतं कोण?

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंच्या मागे धावतात, तसं काम झाडात कोण करतं, असं तुम्ही विचारलंय. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न मला फार आवडतो.

झाडात वेगळी फौज नसते, कारण वनस्पतीची पेशी जागची हलूच शकत नाही. तिच्याभोवती सेल्युलोजची भिंत असते आणि ती शेजारच्या पेशीच्या भिंतीला पेक्टिनने घट्ट चिकटलेली असते. शेंड्याच्या किंवा मुळाच्या टोकाशी पेशी तयार झाली की तिचा शेजार कायमचा ठरतो. पुढे ती काय होणार, बाह्यत्वचा की जलवाहिनी, हेसुद्धा बरंचसं त्या जागेवरूनच ठरतं. रखवाली मात्र प्रत्येकीच्याच वाट्याला येते.

पेशीच्या पटलावर बुरशीचं कायटिन किंवा जिवाणूच्या शेपटीतलं फ्लॅजेलिन ओळखणारी प्रथिनं असतात. शत्रूची चाहूल लागली की भिंतीच्या आतल्या बाजूने कॅलोज या कर्बोदकाचा थर चढतो, आणि जिवाणू असेल तर पानावरच्या बारीक छिद्रांच्या, म्हणजे पर्णरंध्रांच्या, कडेच्या रक्षक पेशी ती रंध्रं मिटून घेतात. (स्यूडोमोनास सिरिंजी या जिवाणूचे काही प्रकार कोरोनाटिन हे विष सोडून ती पुन्हा उघडायला लावतात. चोरावर मोर!)

एवढ्याने भागलं नाही, तर खरा हुकमी उपाय म्हणजे मरण. लागण झालेली पेशी आणि तिच्या आसपासच्या काही पेशी स्वतःहून मरतात आणि घुसखोर तिथेच अडकतो. निकोटियाना ग्लुटिनोसा ही तंबाखूची भाऊबंद. तिच्या पानाला मोझॅक विषाणू असलेला रस चोळला तर दोन-चार दिवसांत बारीक तपकिरी ठिपके उठतात, पण रोग पानभर पसरत नाही. ठिपके जितके जास्त तितका रसात विषाणू जास्त, हे शास्त्रज्ञ फ्रान्सिस होम्स यांनी १९२९ मध्ये दाखवलं. पुढे १९६१ मध्ये रॉस या शास्त्रज्ञांना तंबाखूच्या झाडांवर आढळलं की खालच्या पानांना आधी अशी लागण झालेली असेल, तर वरच्या पानांवर नंतर उठणारे ठिपके लहान आणि कमी असतात. म्हणजे बातमी झाडभर पोचते. त्यात सॅलिसिलिक आम्लाचा मोठा वाटा आहे.

मरून कामाला येणं झाडाला नवीन नाही. जलवाहिनीची पेशी भिंत लिग्निन या कठीण द्रव्याने पक्की करून मरते, तेव्हाच तिच्यातून पाणी मोकळं वाहतं. बुचाच्या पेशीही मेलेल्याच.

मात्र पानावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे झाडाचा विजय समजू नका. ठिपका रोज वाढत असेल तर झाड हरतंय. बोट्रायटिससारखी बुरशी पेशी मारूनच त्यावर जगते, तिला हे मरण म्हणजे आयती मेजवानी. तिच्याशी लढताना झाड जास्मोनिक आम्लाचा मार्ग धरतं. पंचाईत अशी की सॅलिसिलिक आणि जास्मोनिक हे दोन मार्ग बऱ्याचदा एकमेकांना दाबतात, त्यामुळे एका शत्रूसाठी सज्ज झालेलं झाड दुसऱ्यासमोर उघडं पडू शकतं.