‘ओरिजिनल’ सांगून जुने पाटे बसवले, घाटात तुटले, आता काय करायचं?

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सगळ्यात आधी एकच विचारतो, तो तुटलेला पाटा (मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगची लोखंडी पट्टी) आत्ता कुठंय? दुसऱ्या गॅरेजमध्ये पडून असेल तर आजच जाऊन उचलून आणा, भंगारात टाकला असेल तर भंगारवाल्याकडं जाऊन किलोच्या भावानं परत विकत घ्या, पण घरी आणा. तुमच्या केसमध्ये त्या लोखंडाच्या तुकड्याइतका दुसरा साक्षीदार नाही.

बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. हे निफाड तालुक्यातले शेतकरी, २०१९ ची दीड टनी पिकअप, स्वतःच चालवतात, स्वतःचा आणि शेजाऱ्यांचा टोमॅटो वाशीला नेतात. मागचे पाटे दबले होते, गाडी एका अंगाला झुकायला लागली म्हणून गॅरेजला नेली. गॅरेजवाला म्हणाला कंपनीचा ओरिजिनल सेट टाकतो, मजुरी धरून साडेसोळा हजार घेतले, कच्च्या कागदावर लिहून दिले. सव्वादोन महिन्यांनी कसारा घाट उतरताना डाव्या बाजूचा मेन पाटा सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट) भोकापाशी तुटला, गाडी कलली, उभ्या रिक्षाला घासली, क्रेट रस्त्यावर आल्या. जीव वाचला हे फार झालं. दुसऱ्या मिस्त्रीनं पाटे खोलून दाखवलं की वरून काळा रंग मारलाय आणि खाली जुन्या गंजाचे खड्डे आहेत. आता पहिला गॅरेजवाला म्हणतो, ‘ओरिजिनलच होते, जुने होते हे तुला ठाऊक होतं, आणि तूच ओव्हरलोड भरलास.’

सगळा वाद त्या ‘ओरिजिनल’ शब्दावर आहे. स्पेअर पार्टच्या बाजारात ओरिजिनल म्हणजे कंपनीचा, नवा असंच नाही. तुटून आलेल्या गाडीचे काढलेले पाटेही ओरिजिनल म्हणूनच विकले जातात आणि ते विकणं गुन्हा नाही. त्यामुळं नुसतं ‘ओरिजिनल सांगितलं होतं’ एवढ्यावर तुमची बाजू लंगडी पडते. पण तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय की गॅरेजवाल्याचा व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज आहे, ‘नवा कोरा सेट आहे, बिनधास्त चालव.’ अहो, ही गोष्ट पहिल्या ओळीत लिहायची होती! ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे, त्यात जुना, दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. बिल न देणं हेसुद्धा त्याच कलमात येतं, म्हणजे त्याचा कच्चा कागद त्याच्याच अंगावर येतो.

तो मेसेज डिलीट करू नका, फोन बदलू नका, फॉरमॅट मारू नका. दुसऱ्याला फॉरवर्ड करून ठेवलेली कॉपी पुरत नाही, मूळ फोनमधलाच हवा. पुढं तो पुरावा म्हणून लावताना भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणं सर्टिफिकेट जोडावं लागतं, ते तुमचा वकील करून देईल. पैसे फोनवरून दिले असतील तर त्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि बँकेचं स्टेटमेंट दोन्ही काढून ठेवा.

आता परत पाट्याकडं येतो. तुम्ही फोटो पाठवलाय तो मी मोठा करून पाहिला. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग तांबूस काळा आहे आणि उरलेला कडेचा भाग राखाडी, चकाकता आहे. माझ्याकडं अशा दोन-तीन केस येऊन गेल्यात म्हणून सांगतो, स्टीलचा पाटा एका दणक्यात तुटला तर सगळं तोंड सारखंच ताजं दिसतं. जुनी चीर असेल तर तिच्यात पाणी, धूळ जाऊन गंज बसतो, चीर हळूहळू वाढत जाते आणि शेवटी उरलेलं थोडं लोखंड एकदम सुटतं, तेवढंच चकाकतं. म्हणजे तुमचा पाटा घाटात शेवटचा तुटला, मरत तो कधीपासून होता. ओव्हरलोडच्या आरोपाला हेच उत्तर आहे, पण ते तज्ज्ञानं लिहून दिलं तर, तुम्ही-मी बोलून उपयोग नाही. ग्राहक आयोगाला वस्तू प्रयोगशाळेत पाठवून रिपोर्ट मागवता येतो, तसा अर्ज तक्रारीसोबतच द्या. तोवर तुटलेलं तोंड घासू नका, वेल्डिंग करू नका, तुकडा कापून कुणाला दाखवायला देऊ नका. आजच उजेडात मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, कारण या दमट हवेत तो चकाकता भाग आठवडाभरात तांबडा होईल आणि मग फरक दाखवणं अवघड जाईल. कोरड्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. उजव्या बाजूचा न तुटलेला सेटही ठेवा, रंगाखालचा गंज त्याच्यावरच नीट दिसेल.

ओव्हरलोडचं मात्र खरं-खरं बोला, आयोगापुढंही. तुम्ही लिहिलंय ६४ क्रेट होत्या. २० किलोच्या हिशोबानं माल झाला १२८०, रिकामी क्रेट दीड किलोची धरली तरी शंभराच्या जवळ, वर तुम्ही आणि तुमचा भाचा मिळून १४० धरा. म्हणजे १५०० च्या थोडं वरच. आरसी काढा, तिच्यावर लेडन (भरलेल्या गाडीचं) आणि अनलेडन (रिकाम्या गाडीचं) वजन लिहिलेलं असतं, वजाबाकी करा आणि वजनकाट्याची पावती असेल तर ती लावा. आकडा काठावर येतोय म्हणून लपवू नका, पंधरा-वीस किलोनं चांगला पाटा तुटत नाही हे तज्ज्ञच सांगेल, पण तुम्ही खोटं बोललात तर व्हॉइस मेसेजवरचाही विश्वास जाईल. (आणि इथून पुढं जपून, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली ओव्हरलोडचा दंड २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार आहे. पाटा वाढवून घेतला म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही, आपल्याकडं हा गैरसमज फार आहे.)

गॅरेजवाला आणखी एक मुद्दा काढेल, गाडी धंद्याची आहे म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. याला घाबरू नका. कायद्यातच लिहिलंय की स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी वापरलेली वस्तू व्यापारी कामात धरत नाहीत, आणि सुप्रीम कोर्टानं १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात उदाहरणच दिलंय की स्वतः चालवायला ट्रक घेणारा माणूस ग्राहक आहे, मदतीला एक-दोन माणसं असली तरी. तुमची एकच गाडी, तुम्हीच चालवता, हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा. तुमच्या भावाचीही पिकअप आहे, पण ती त्याच्या नावावर, त्याचा हिशोब वेगळा, ती यात ओढू नका.

तुम्ही विचारलंय जुने पाटे बसवले म्हणून आरटीओ धरेल का. त्याच मॉडेलचे, तेवढ्याच क्षमतेचे पाटे बदलले तर तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधला फेरफार होत नाही. पण गाडी धोकादायक स्थितीत रस्त्यावर आणली तर त्याच कायद्याचं कलम १९० आहे, आणि साधी काळजी घेतली असती तर मालकाला दोष कळला असता का हे तिथं बघतात. म्हणूनच तुम्हाला ‘नवा’ सांगून रंग मारून दिला होता, हे तुमच्या बचावालाही लागेल.

रिक्षावाल्याचं मिटवायची घाई करू नका. तो १२ हजार मागतोय आणि तुम्हाला लाज वाटतेय हे समजतं, तरी विमा कंपनीला न विचारता कागदावर सही किंवा कबुली देऊ नका, थर्ड पार्टीचं (म्हणजे समोरच्याचं) नुकसान पॉलिसीत असतं आणि पार्ट खराब होता एवढ्यावरून कंपनीला हात झटकता येत नाहीत. तुमच्या स्वतःच्या गाडीचं वेगळं आहे. पाट्याचे पैसे झीज म्हणून मिळणार नाहीत, ते सोडा, पण घासल्यानं बॉडीचं जे नुकसान झालं त्याला तोंडी ‘नाही’ ऐकून परत येऊ नका, नकार लेखी मागा. ओव्हरलोड म्हणून नाकारलं तर २०१० च्या अमलेंदु साहू निकालाचा आधार आहे, तशा भंगातही ७५ टक्क्यांपर्यंत क्लेम देता येतो असं कोर्टानं धरलंय. लेखी नकारानंतर विमा लोकपालाकडं एक वर्षाच्या आत जाता येतं.

आता गॅरेजवाल्याला नोटीस. साध्या मराठीत, स्पीड पोस्टनं, पोच जपून. त्यात साडेसोळा हजार परत, बॉडीचा खर्च, गेलेल्या मालाचे पैसे (व्यापाऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, जोडा, क्रेट किती खराब गेल्या ते तिच्यावर आलं असेल) आणि गाडी उभी राहिली त्या दिवसांचं भाडं मागा, १५ दिवस द्या. गाडी बनवणाऱ्या कंपनीला यात पार्टी करू नका, पाटा वापरून झालेला होता, त्यांचा काय संबंध, उगाच केस लांबते. उत्तर आलं नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार, ऑनलाइनही दाखल होते. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असली की फी नाही, वकील लावायलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण तुम्ही दोन महिनेही थांबू नका, साक्षीला तो दुसरा मिस्त्री लागेल आणि आज तो जे ठामपणे सांगतोय ते वर्षानं सांगेलच असं नाही. त्याच्याकडून पाटे खोलल्याचं त्याच तारखेचं बिल आणि दोन ओळी लिहून सही घ्या.

नवे पाटे टाकायला आत्ता पैसे नाहीत असं तुम्ही लिहिलंय. जुनेच घ्यावे लागले तर पावतीवर ‘वापरलेले’ हा शब्द, कुठल्या गाडीचे काढलेत आणि विकणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून घ्या, चोरीच्या गाडीचा पार्ट निघाला तर तो कागदच तुम्हाला वाचवेल. आणि रंग मारलेला पाटा घेऊच नका. उघडा, मातीचा, गंजलेला दिसला तरी चालेल, सेंटर बोल्टच्या भोकाभोवती आणि पाट्याच्या डोळ्यापाशी (टोकाला वळवलेल्या गोल कडीपाशी) वायर ब्रशनं घासून, बॅटरीच्या उजेडात चीर आहे का बघून मगच पैसे द्या.