वडिलांची शेती: बक्षीसपत्र की मृत्युपत्र?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ७१ वर्षांचे, आई हयात, तासगाव तालुक्यात चार एकर आणि त्यात द्राक्षबाग, गावठाणात घर, बँकेत व पतसंस्थेत ठेवी. दोन भाऊ, एक लग्न झालेली बहीण. पुढे वाद नकोत म्हणून जमीन आत्ताच दोघा भावांना बक्षीसपत्राने द्यावी, की वडिलांनी मृत्युपत्र करावं?

दोन्हीच्या आधी एक काम आहे, आणि बहुतेक घरांत तेच राहून जातं. या चार एकरांतलं वडिलांचं स्वतःचं किती, ते आधी काढा. सातबारावर एकट्याचं नाव आहे म्हणून सगळी जमीन त्यांची ठरत नाही. उताऱ्यावर फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) यांचे क्रमांक असतात. त्यातल्या सर्वांत जुन्यापासून एकेक वाचत या. जुने फेरफार 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर मिळतात, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल काढा. वडिलांनी खरेदी केलेली असेल तर प्रश्नच नाही. आजोबांनी स्वतः कमावलेली जमीन त्यांच्या मृत्यूनंतर, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याखाली वारसाने आली असेल, तर तीही साधारणपणे वडिलांची स्वतंत्र धरतात. पण पणजोबांपासून एकत्र कुटुंबात चालत आलेली असेल तर तिच्यात तुम्हा तिघा भावंडांचा जन्मतः हिस्सा आहे. तीत वडील फक्त स्वतःच्या हिश्शापुरतं मृत्युपत्र करू शकतात. बाकीचं कागदावर लिहिलं तरी टिकत नाही.

बहिणीचं लग्न झालं म्हणून तिचा हक्क जात नाही. या कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी सहदायाद, म्हणजे मुलासारखीच जन्मतः हिस्सेदार झाली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात हा हक्क जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. ती स्वखुशीने हिस्सा सोडणार असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्रच लागतं. नुसत्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतलेल्या संमतीपत्राने काम भागत नाही, आणि राखीपौर्णिमेला दिलेला शब्द तर कुठल्याच दप्तरात चढत नाही.

फेरफार वाचताना 'ए.कु.मॅ.' दिसतं का पाहा. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून थोरल्याचं नाव लागलं आणि धाकट्या भावांची नावं राहिली. असं असेल तर तुमच्या चुलत्यांचाही हिस्सा निघू शकतो. सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे का आणि जमीन भोगवटादार वर्ग २ तर नाही ना, हेही बघा. वर्ग २ असेल (कोयना, वारणा प्रकल्पग्रस्तांना मिळालेल्या जमिनी बऱ्याचदा असतात) तर हस्तांतराला आधी महसूल खात्याची परवानगी लागते.

आता मूळ प्रश्न. सगळी जमीन आज बक्षीस द्यायला माझा विरोध आहे. मुलाला, मुलीला किंवा पत्नीला शेती किंवा राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं, म्हणून हा रस्ता सोपा वाटतो. (स्थानिक संस्थेचा अधिभार मात्र बाजारमूल्यावर निघतो, तो आधी विचारून घ्या.) पण बक्षीसपत्र एकदा नोंदलं की वडिलांना मनात आलं म्हणून ते मागे घेता येत नाही. करायचंच झालं तर 'आईवडिलांचा सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द दस्तात असलेच पाहिजेत. मग मुलांनी पाठ फिरवली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे जाऊन ते रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसेल तर वडिलांची बाजू फार कमकुवत होते.

भावांना आजच स्वतंत्र सातबारा हवा असेल, पीककर्जासाठी किंवा ठिबकच्या अनुदानासाठी, तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून संमतीचं वाटप करून घ्या. सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते, बहिणीसकट. बागायतीचा तुकडा १० गुंठ्यांच्या आत आणि जिरायतीचा २० गुंठ्यांच्या आत पाडू नका. तो तुकडेबंदी कायद्यात अडकतो.

वाटपात भांडण जमिनीवरून कमी आणि पाण्यावरून जास्त होतं. विहीर एकाच्या हिश्शात, वीज कनेक्शन दुसऱ्याच्या नावावर, पाइपलाइन तिसऱ्याच्या बांधातून. म्हणून कागद वाटपाचा असो वा मृत्युपत्राचा, विहिरीत आणि बोअरमध्ये कोणाचा किती हिस्सा, पाण्याची पाळी किती दिवसांची, मोटरचं बिल आणि दुरुस्ती कशी वाटायची, पाइपलाइन कुठून जाते, मागच्या तुकड्याला ट्रॅक्टर आणि फवारणीचा ब्लोअर जाईल असा किती फुटांचा रस्ता, हे आकड्यांत लिहा. 'समजुतीने वापरावे' हे वाक्य कोर्टात जाण्याची सोय आहे. बाग एकाला आणि पडीक दुसऱ्याला जाणार असेल तर मंडप, तारा, ठिबक यांची किंमत धरून फरक रोख भरायचा का, तेही ठरवा. सोसायटीचं कर्ज कोण फेडणार हा रकाना तर रिकामा ठेवूच नका.

उरलेल्यासाठी मृत्युपत्र. त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे, पण करा. नंतर 'सही आमच्या बापाची नाहीच' म्हणणं अवघड जातं. दोन साक्षीदार हवेत: वडिलांपेक्षा तरुण, ज्यांना काही मिळणार नाही असे, आणि गरज पडली तर कोर्टात येतील असे. वडिलांनी त्यांच्यासमोर आणि त्यांनी वडिलांसमोर सही करायची. त्याच दिवसाचा, मन:स्थिती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडा. प्रत्येक जमिनीचा गट नंबर, क्षेत्र आणि चतु:सीमा लिहा. कोणाला कमी दिलं असेल तर का, ते एका ओळीत सांगा. 'यात न आलेली इतर मिळकत' कोणाला, तेही हवं. आईला 'हयातीपर्यंत वहिवाट' असं ठोकळेबाज लिहू नका. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ मुळे तो पूर्ण मालकी हक्क ठरतो की नाही यावर पिढ्यान् पिढ्या खटले चाललेत. हे एक कलम वकिलाकडून नीट लिहून घ्या. नंतर विचार बदलला तर नवं मृत्युपत्र करता येतं आणि शेवटचं तेच खरं, मग ते नोंदलेलं नसलं तरी.

मृत्युपत्र नसताना वडिलांची स्वतंत्र मिळकत आई, दोघे भाऊ आणि बहीण यांच्यात चार सारख्या भागांत जाते. आजी हयात असेल तर पाच.

गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कराचा उतारा आहे, मालकीचा नव्हे. ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका काढून तीवरचं नाव तपासा.

ठेवींना नॉमिनी लावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार जणांपर्यंत लावता येतात. मात्र नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक वारसच राहतात. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. अर्धा टक्का जादा व्याजासाठी सगळी पुंजी तिथे असेल तर आधी ती हलवा. कारखान्याचे आणि दूध संघाचे शेअर्स, कोल्ड स्टोरेजमधल्या बेदाण्याच्या पावत्या यांची यादी मृत्युपत्राच्या प्रतीसोबत ठेवा. वडिलांच्या पश्चात तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे किंवा ई-हक्क संकेतस्थळावर द्यायचा असतो. नोटिशीनंतर हरकतीला १५ दिवस असतात आणि मग मंडल अधिकारी फेरफार मंजूर करतात.